इंग्रजीचे एक ‘फ्रॉम’ आणि आपले ‘वरून, पासून, तून, मुळे’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात दहावीत आहे. गेल्या रविवारी ती शिकवणीत मिळालेला एक छापील कागद घेऊन माझ्यापुढे बसली. डावीकडे इंग्रजी क्रियापदे आणि उजवीकडे त्यांचे मराठी अर्थ, अशी ती यादी होती. डिराइव्ह, डिड्यूस, इन्फर आणि कन्क्लूड या चारही शब्दांसमोर ‘निष्कर्ष काढणे’ असे लिहिले होते, तर ओरिजिनेट, अराइज आणि स्टेम या तिघांच्या वाट्याला ‘उगम पावणे’ आले होते. इम्प्लायसमोर ‘सुचवणे’ आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा ‘निष्कर्ष काढणे’. कागदावर विश्वास ठेवून तिने वाक्य केले होते: ‘फ्रॉम हिज सायलेन्स आय इम्प्लाइड दॅट ही वॉज अँग्री.’ मी विचारले, “गप्प कोण होता?” ती म्हणाली, “तो.” “मग राग सुचवला कोणी आणि ओळखला कोणी?” यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पण आजोबा, कागदावर दोन्हींना एकच अर्थ दिलाय!”

चूक तिची नव्हती. बोलणारा किंवा त्याचे मौन इम्प्लाय करते, ऐकणारा इन्फर करतो. एक जण घडीत काहीतरी ठेवतो, दुसरा ती घडी उलगडतो. इम्प्लायच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘आत दुमडणे’ असा आहे. खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी उमेद गेली आणि अशा याद्यांशी भांडण्यातही गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे असे आहे की, या क्रियापदांमधल्या अर्थच्छटा मराठी मुलांना मुळात परक्या नाहीत. फरक एवढाच की, इंग्रजी हे काम बरेचसे क्रियापदांवर सोपवते आणि आपण ते शब्दयोगी अव्ययांवर आणि प्रत्ययांवर सोपवतो. इंग्रजीत जिथे तिथे ‘फ्रॉम’ येते. आपण मात्र दुधापासून दही करतो, धुरावरून आग ओळखतो, नदी डोंगरातून निघते म्हणतो आणि पावसामुळे शाळेला सुट्टी मिळते. दुसरीतले पोरही ‘धुरापासून आग ओळखली’ असे म्हणणार नाही. आडनावाचेच घ्या. ‘गावावरून आडनाव पडले’ म्हटले की तिथे डिराइव्ह, ‘घराणे मूळचे निपाणीचे’ म्हटले की ओरिजिनेट आणि ‘भाऊबंदकी जमिनीच्या वाटणीतून निघाली’ म्हटले की स्टेम. मुलाने आधी मराठी वाक्य मनात म्हणावे, त्यात कोणते अव्यय आले ते पाहावे आणि मगच इंग्रजी क्रियापदाकडे जावे, ही रीत मी वर्गात वापरत असे.

डिराइव्ह शिकवायला तर आपल्या तालुक्यासारखी जागा नाही. जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी लागते. तिथे मलप्रभा उगम पावते आणि पुढे कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. त्याच कणकुंबीच्या परिसरात कळसा नाल्याचे, म्हणजे म्हादईच्या खोऱ्यातले, पाणी मलप्रभेकडे वळवण्यासाठी कालवा खणला गेला. आता शब्द पाहा. लॅटिनमध्ये ‘रिव्हस’ म्हणजे ओढा, आणि त्यापासून झालेल्या डिराइव्हचा जुना अर्थ ओढ्यातून पाट काढून पाणी दुसरीकडे नेणे असा होता. म्हणजे मलप्रभेचा उगम हे ओरिजिनेट आणि कळशाचा कालवा हे अक्षरशः डिराइव्ह. एक आपोआप होते, दुसऱ्यात कोणीतरी पाट काढावा लागतो. सूत्र ‘डिराइव्ह’ करा असे गणिताच्या प्रश्नपत्रिकेत म्हणतात तेव्हाही अपेक्षा हीच असते: आधीच्या समीकरणातून पायरीपायरीने पाट काढत इथपर्यंत या. नुसते उत्तर लिहिणाऱ्याचे गुण का जातात, हे त्यातच आले.

गंमत अशी की, ‘रायव्हल’ हा शब्दही याच रिव्हसच्या घरातला आहे. एकाच ओढ्याचे पाणी वापरणारे ते रायव्हल. म्हादईच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र लवादापुढे उभे राहिले आणि 2018 साली निवाडा आला, तरी वाद मिटला नाही. वर्गात एवढे सांगितले की हा शब्द मुले पुन्हा विसरत नसत. (‘रिव्हर’ मात्र या घरातला नव्हे. तो काठ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. दिसायला सारखे ते सगळे भाऊबंद नसतात.) स्टेमचीही तीच गत. ‘स्टेम फ्रॉम’मधला स्टेम हा झाडाचा बुंधा, तर प्रवाह अडवणे या अर्थाचा स्टेम वेगळ्याच मुळाचा आहे.

अव्ययांची ही युक्ती सगळीकडे पुरते असे मात्र मी म्हणणार नाही. डिड्यूस आणि इन्फर हे दोन्ही शब्द मराठीत ‘वरून’च मागतात, त्यामुळे तिथे उदाहरणाशिवाय गत्यंतर नसते. आमच्या गावचा बाजार फक्त रविवारी भरतो. पेठेत बाजार भरलेला दिसला, म्हणजे आज रविवार. हे डिड्यूस झाले, कारण नियम खरा असेल तर निकाल चुकायला जागाच नाही. आता त्याच बाजारात, महाशिवरात्र तोंडावर आली असताना, रताळी कमी दिसली आणि कोणी म्हणाले की यंदा पीक बुडाले. हे इन्फर झाले. अंदाज बरोबर असू शकेल, पण माल परस्पर पुण्या-मुंबईकडे गेला असण्याचाही संभव आहेच. पहिल्यात नियमाने हात धरून नेले, दुसऱ्यात खुणांनी वाट दाखवली. डिड्यूसच्या पोटात ‘नेणे’ आहे आणि इन्फरच्या पोटात ‘आत आणणे’, हे सांगितले तर चांगलेच. पगारपत्रकावरचे ‘डिडक्शन’ हे डिड्यूसच्याच मुळाचे आहे, पण तिथे तर्क चालत नाही, नुसती कपात चालते. कन्क्लूडबद्दल फार सांगण्यासारखे नाही: विचाराचे दार लावून घेणे, एवढेच.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे आणि पुण्यात बसून याद्या करणाऱ्यांना तो ठाऊक असण्याचे कारण नाही. माझे एक सहकारी बैलहोंगलकडचे, घरी कन्नड आणि शाळेत उत्तम मराठी बोलणारे. एकदा पेपर तपासताना ते म्हणाले, “सर, या दोन पोरांवर मला अनुमान आहे.” मी ‘कसले अनुमान?’ असे विचारून वाट पाहत राहिलो, आणि ते माझ्याकडे नवलाने पाहत राहिले. कन्नडात ‘अनुमान’ म्हणजे संशय. त्यांना कॉपीची शंका होती आणि मला तर्कशास्त्र ऐकायचे होते! इन्फरसमोर ‘अनुमान’ लिहून मोकळे झाले, तर दोन्ही भाषा कानावर असलेले आपल्याकडचे मूल त्यातून काय घेईल, याचा भरवसा नाही. शिवाय कन्नडातले ‘इंद’ हे इंग्रजी ‘फ्रॉम’च्या जवळ जाते. ‘ऊरिंद’ म्हणजे गावाहून आणि ‘मळेयिंद’ म्हणजे पावसामुळे. म्हणजे मराठी जे फरक शब्दाच्या शेपटीतच दाखवते, ते इथे एकाच प्रत्ययात मिटतात. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुलाला हे दाखवून दिले, तर इंग्रजी क्रियापदांची गरज का पडते, हे त्याला इतरांपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे दोन गोष्टी मागतो. इंग्रजी बातमीवरून मराठी बातमी करताना, अमक्या अधिकाऱ्याने ‘इम्प्लाय’ केले असे मुळात असेल, तर त्याचे ‘स्पष्ट केले’ किंवा ‘मान्य केले’ होऊ देऊ नये. ‘सूचित केले’, ‘त्यांच्या बोलण्याचा रोख तसा होता’ असे शब्द आपल्याकडे आहेत. आणि परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांसाठी जी पुरवणी निघते, तिच्यात शब्दांसमोर शब्द छापण्याऐवजी वाक्यांसमोर वाक्ये छापावीत. वर्गात मुलांनीच केलेली बाजाराची, बसची, ऊस-रताळ्यांची अशी वाक्ये माझ्याजवळ तीन वह्या भरून आहेत. हवी असल्यास पाठवीन. मानधन नको, फक्त छपाईपूर्वी मुद्रिते एकदा माझ्या नजरेखालून जावीत.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
ता. खानापूर, जि. बेळगाव