अण्णा, ते खोकल्याच्या औषधाचं झाकण आधी फेका

आई, अण्णा,

गाईच्या गोचिडाच्या औषधाचं फोनवर तीनदा सांगून झालं, अण्णा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई म्हणते आवाज येईना, म्हणून शेवटी लिहायला बसले. नाइट ड्युटी संपवून आलेय, झोप येत नाहीये. वहिनीला सांगा हे सावकाश वाचून दाखव आणि मधेच चहाला उठू नका.

दिवाळीत आले तेव्हा फ्रीजच्या वरच्या फळीवर कोल्ड्रिंकची बाटली होती, अर्ध्याच्या वर पांढरं काहीतरी. मला वाटलं आईने ताक भरून ठेवलंय. झाकण उघडलं तर रॉकेलसारखा उग्र वास आला आणि माझे हातपायच गार पडले. गोचिडाचं कालवलेलं औषध! "फेकायला जीव झाला नाही गं, एवढं महागाचं" असं आई म्हणाली होती, आठवतंय ना? अगं आई, आपला चिकू चार वर्षांचा आहे आणि त्याचा हात आता त्या फळीला पोचतो. ते औषध पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं, मोठा माणूस फसेल तिथं पोराचं काय. आणि तो जिवापाड जपून ठेवलेला अर्धा लिटर माल दुसऱ्या आठवड्यात तितका चालतही नाही, पाण्यात कालवलं की औषध हळूहळू उतरत जातं. आज कालवलेलं आजच वापरायचं, आणि लागेल तेवढंच कालवायचं.

दुसरी गोष्ट अण्णांची. तुम्ही ते मोजता कशाने हे मी त्याच दिवशी पाहिलं. खोकल्याच्या औषधाचं झाकण. वर ते पाण्यात खंगाळून परत खोकल्याच्या बाटलीवर बसवलंत आणि रात्री त्यातूनच दोन झाकणं घेतलीत! मी तेव्हा ओरडले तर म्हणालात "धुतलंय की". ते औषध पाण्याने निघत नाही, तेलकट द्रावणातलं असतं ते, प्लॅस्टिकला चिकटून राहतं.

मापाचं पण सांगते. गोचिडाच्या बाटलीवर अमिट्राझ (हेच ते औषध) साडेबारा टक्के लिहिलंय आणि गाईच्या गोचिडाला लिटरला २ मिली. तुमची बादली अर्धी म्हणजे ५ लिटर, त्यात १० मिली पडायला पाहिजे, म्हणजे ते एक झाकण. तुम्ही घातलीत पाच. "जरा कडक मारलं की लवकर मरतात." आणि मग तांबू दिवसभर मान खाली घालून उभी होती, वैरणीला तोंड लावलं नाही, लाळ गळत होती, तर आई म्हणे दृष्ट लागली. दृष्ट बिष्ट काही नाही. डॉक्टर गाईला गुंगीचं इंजेक्शन देतात ना, झायलाझिन, त्याच्याच जातीचा परिणाम हे औषध अंगात भिनल्यावर करतं. नाडी मंद होते, गुंगी येते, पोट हलायचं थांबतं. घोड्याला तर हे औषध मारायचंच नसतं, आतडं तुंबतं त्याचं, म्हणून पाटलांच्या घोडीसाठी कोणी मागायला आलं तर देऊ नका. मांजरालाही नाही.

आता अण्णा, खरं तर ज्यासाठी पत्र लिहितेय ते हे. तुम्हाला शुगर आहे. हे औषध इन्सुलिन सुटणं दाबून ठेवतं आणि रक्तातली साखर वाढवतं. ज्यांना शुगर आहे त्यांनी हे हाताळताना जास्त जपायचं असतं, आणि आपल्या घरात हे काम नेमकं तुम्हीच करता, उघड्या हाताने, बनियनवर, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून. आणि फवारणी झाली की गव्हाणीपाशी बसून तळहातावर तंबाखू मळता. त्याच हातावर! मी ते बघत होते आणि मला बोलायला सुचेना. साबणाने हात न धुता तंबाखू मळून दाढेखाली धरणं म्हणजे औषध तोंडात घेण्यासारखंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची उपाशीपोटी शुगर २६० च्या वर आली होती, दिवाळीचा फराळ पण होता म्हणा, नक्की कशाने ते मी सांगणार नाही. पण करंजीवर खापर फोडून मोकळं होण्याइतकी सोपी गोष्ट ती वाटत नाही मला.

मी हे एवढं का बोलतेय तर मागे आमच्या वॉर्डात एक काका आले होते, नाव गाव सांगत नाही. पूर्ण गुंगीत, नाडी चाळीशीत, बाहुल्या बारीक झालेल्या. शेतकरी माणूस, सगळ्यांना वाटलं पिकावरचं कीटकनाशक पोटात गेलंय, तशीच ट्रीटमेंट सुरू झाली. शुगर तपासली तर चढलेली, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. मग मुलगा गावाकडून बाटली घेऊन आला आणि कळलं गोचिडाचं औषध आहे, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं अंधारात घोटभर प्यायले होते. दोन्ही विषबाधा वरवर सारख्याच दिसतात, पण पिकाच्या त्या औषधावर उतारा आहे, ह्यावर माणसासाठी खास असा उताराच नाही. श्वास आणि नाडी सांभाळत बसायचं. काका दीड दिवसाने शुद्धीवर आले, वेळेत आले म्हणून.

तेव्हा देव न करो पण कोणाच्या पोटात गेलं तर उलटी काढायला मीठपाणी पाजत बसू नका, त्यात घासलेटासारखं द्रावण असतं, उलटी करताना फुप्फुसात गेलं तर दुसरंच दुखणं. १०८ ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. मूळ बाटली, लेबल असलेली. म्हणून तर म्हणते दुसऱ्या बाटलीत ओतू नका. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढून भरपूर साबण आणि पाणी. आणि बाटलीजवळ विडी, चूल काही नको, पेट घेतं ते.

आता औषध बंद करा असं मी म्हणत नाहीये हां. गोचीड ठेवून चालणारच नाही, मागच्या वर्षी शेजारच्या गोठ्यात गोचीड तापाने चांगली दुभती संकरित गाय गेली, थायलेरिया, आणि तिच्या इंजेक्शनला किती पैसे गेले ते तुम्हीच सांगितलं होतंत. फक्त नुसतं गाईवर मारून उपयोग नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दावणीच्या खुंटापाशी जाऊन हजारोंनी अंडी घालते. तुम्ही गाईवर पाचपट कडक मारलंत तरी फटीतली पिल्लावळ वीस दिवसांनी परत वर चढणारच. फटी बुजवा, चुना मारा, भिंतींवर पण फवारा, आणि परत कधी मारायचं ते पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा. दरवेळी एकच औषध मारलं की गोचीड त्याला दाद देईनासे होतात, तेही त्यांना विचारा बदलायचं का.

फवारणीच्या आधी गाईंना पोटभर पाणी पाजा, नाहीतर अंग चाटतात. वैरण, पाण्याची टाकी झाका. सकाळची धार काढून झाल्यावर मारा, कासेवर मारलं तर पुढच्या धारेआधी कास धुऊन घ्यायची, आणि दूध किती वेळ डेअरीला घालायचं नाही ते लेबलवर बघा, अक्षर बारीक आहे, वहिनीला मोबाइलने फोटो काढून मोठं करायला सांगा. उरलेलं पाणी ओढ्यात नाही ओतायचं, मासे मरतात. रिकाम्या बाटलीला भोकं पाडायची, आई, तेल भरायला नाही ठेवायची!

आणि आई तू दुपारी ऊन खात बसून गोचीड काढतेस आणि नखाने चिरडतेस ते पण बंद कर गं. २०११ ला गुजरातमध्ये काँगो ताप आला होता, तो गोचिडातून येतो, चिरडलेल्या गोचिडाच्या रक्तातून पण. त्यात त्या तापाच्या पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स दोघंही गेले, आम्हा नर्स लोकांच्या ते डोक्यातून जात नाही. चिमट्याने काढ, हातमोजे घाल, साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाक.

एसटीने पार्सल टाकलंय, परवा फलटण स्टँडवर येईल, दादाला पाठव. त्यात कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे दोन जोड, सुईशिवायच्या १० आणि २० मिलीच्या सिरिंज (त्यावर लाल पट्टी चिकटवलीय, त्या फक्त गोठ्यासाठी), एक पत्र्याचा डबा कुलपासकट, आणि अण्णांना खोकल्याची नवीन बाटली. जुनी बाटली झाकणासकट आजच टाकून द्या, पार्सलची वाट बघू नका. डबा गोठ्यात उंचावर खिळ्याला टांगा, घरात आणू नका.

किल्ली वहिनीकडे ठेवा. अण्णांकडे दिली तर ती तंबाखूच्या पिशवीत जाईल, चुन्याच्या डबीशेजारी, आणि मी परत इथून ओरडत बसेन.

तुमची,
मनी