करवत कोणाच्या हाती?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

झाड तोडण्यासाठी अनेक ठिकाणी रीतसर अर्ज करून परवानगीची वाट पाहावी लागते. मात्र ती मिळाल्यावर करवत कोणाच्या हाती जाणार, याची चौकशी सहसा होत नाही. म्हणून झाडे तोडण्या-छाटण्याचे काम करणाऱ्यालाही परीक्षा घेऊन दिलेला परवाना सक्तीचा असावा, असे मला वाटते. मध्यंतरी आमच्या दारासमोरच्या झाडाची एक जड फांदी छाटणाऱ्याने वरून एका दमात कापायला घेतली. अर्ध्यावर येताच ती स्वतःच्या भाराने मोडली आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून घेऊन गेली. वास्तविक अशा वेळी खोडापासून थोड्या अंतरावर आधी खालून खाच घ्यायची, मग तिच्या किंचित पुढे वरून कापून फांदी उतरवायची आणि उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्याच्या बाहेरून काढायचा असतो. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, नवे लाकूड चढून ती झाकली जाते. त्या कामाची सुरुवात ज्या फुगवट्यातून होते तोच कापला, तर कुजण्याला वाट मोकळी होते. (वरून रंग फासून ती बंद होत नाही.)

अमेरिकेतील मेरीलँड राज्याने या व्यवसायासाठी परवान्याचा कायदा १९४५ मध्येच केला. ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या संस्थेचे प्रमाणपत्र ऐच्छिक असले, तरी तेही परीक्षेवाचून मिळत नाही आणि त्याचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

परवान्यामुळे काम महागेल, हा आक्षेप मला मान्य आहे. माझी भीती वेगळी आहे: परवाना ठेकेदाराच्या कचेरीत भिंतीवर लटकेल आणि झाडावर मात्र कमरेला दोरही नसलेला, रोजंदारीवर आणलेला मुलगा चढेल. म्हणून परवाना माणसाच्या नावे असावा आणि काम चालू असताना एक तरी परवानाधारक झाडाखाली हजर असावा. परीक्षा प्रत्यक्ष झाडावर व्हावी. दोर कुठे अडकवला, विजेची तार जवळ दिसताच हात थांबला का, राखायच्या झाडावर खिळ्यांचे बूट घालून तर चढला नाही ना, हे पाहावे. जे विचारायचे ते तोंडी, त्याच्या भाषेत विचारावे. नाहीतर वर्षानुवर्षे हे काम चोख करणारा, पण लिहिता न येणारा माणूसच पहिल्यांदा बाहेर पडेल.

शेंडा सरसकट उडवणे हे मात्र परवाना रद्द होण्याचे कारण ठरावे, कारण तिथून फुटणाऱ्या धुमाऱ्यांची पकड कच्ची असते आणि काही वर्षांनी जाड झालेले तेच धुमारे वादळात खाली येतात.

आपला,
एक वाचक