विषय: रेगेन्सबुर्गच्या जुन्या नगरभवनातील संग्रहालय न दाखवल्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या महिन्यात मी व माझे पती आपल्या कंपनीच्या जर्मनी सहलीत सहभागी झालो होतो. रेगेन्सबुर्गचे मध्ययुगीन नगरभवन व त्यातील राइशटाग (पवित्र रोमन साम्राज्याची सभा) संग्रहालय प्रवेशशुल्कासह आतून दाखवले जाईल, असे आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत स्पष्ट नमूद आहे. प्रत्यक्षात ती वास्तू आम्हाला केवळ बाहेरून दाखवण्यात आली.

हे संग्रहालय तेथील मार्गदर्शकासोबतच पाहता येते, त्यामुळे आमच्या गटासाठी आधीच जागा राखून ठेवणे आवश्यक होते. तसे काहीही केलेले नव्हते, हे मी स्वतः तिकीट खिडकीवर चौकशी केल्यावर समजले आणि तोपर्यंत त्या दिवसाची इंग्रजी फेरी भरून गेली होती. सहल व्यवस्थापकांना विचारले असता, “राइशटाग आपण बर्लिनला पाहिलंच की,” असे उत्तर मिळाले.

बर्लिनची राइशटाग ही संसदेची वेगळीच इमारत आहे, त्यामुळे या उत्तराने मला फार वाईट वाटले. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे. महाराजांनी लाल महालात शाहिस्तेखानावर छापा घातला त्याच १६६३ साली, तुर्कांविरुद्ध मदत मिळवण्यासाठी पवित्र रोमन सम्राट लिओपोल्डने बोलावलेली ही सभा या नगरभवनात भरली आणि १८०६ मध्ये साम्राज्य संपुष्टात येईपर्यंत ती विसर्जित झाली नाही. ते लाकडी छताचे सभागृह आणि खाली मूळ जागीच जतन केलेली छळाची कोठडी पाहता यावी, म्हणूनच आम्ही इतर कंपन्यांपेक्षा महाग असलेली आपली सहल निवडली.

आम्हाला पाहता आली ती दारापाशी भिंतीत बसवलेली लोखंडी मापे. शहराचे पाऊल, हात आणि वाव अशी ती तीन मापे असून, पूर्वी बाजारातला माल त्यांना लावून पडताळता येई. त्यांच्यावर बोटे फिरवत मी उभी असतानाच बसमध्ये बसण्याची सूचना झाली. दुपारी खरेदीसाठी मात्र दीड तास देण्यात आला, जो कार्यक्रमपत्रिकेत नव्हताच.

तरी या भेटीपोटी आकारलेली रक्कम आम्हा दोघांना परत करावी आणि आगाऊ नोंदणी होत नसेल तर पुढील सहलींच्या पत्रिकेतून ‘आतून’ हा शब्द काढावा, ही विनंती. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. कार्यक्रमपत्रिका व पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक सहप्रवासी ग्राहक, पुणे