सोमवारचं काय?

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, दहा दिवस इगतपुरीला विपश्यनेला जाऊन येते, म्हणजे डोकं शांत होईल. जरूर जा. तिथल्या धम्मगिरी ध्यानकेंद्रात पहाटे चारला घंटा वाजते, मोबाईल जमा करावा लागतो, बोलणं बंद. तुझ्यासारख्या बडबडीला ते जड जाईल, पण जमेल. मला काळजी आहे ती परत आल्यावरच्या सोमवारची. तेव्हाही ठाण्याला फास्ट लोकलच्या दारात उभी राहून दादरच्या पुलावर धक्के खाणार असशील, तर इगतपुरी आठवडाभर तरी पुरेल का?

म्हणून आधी हे करून बघ. ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकड. बसायला मिळण्याची शक्यता तरी आहे. दादरपर्यंत फास्टपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, मान्य. पण फास्ट करी रोडला थांबत नाही, स्लो थांबते. तिथे उतरलीस की लोअर परळचं तुझं ऑफिस चालत गाठता येतं. दादरला उतरा, पूल चढा, वेस्टर्नची गाडी पकडा, हे सगळं वाचतं. हिशेब घातलास तर फार उशीर होत नाही. इतकी वर्षं सगळे फास्टने जातात म्हणून आपणही जातो, दुसरं काय!

आणि जागा मिळाली की लगेच ऑफिसचे ईमेल उघडू नकोस. नाहूर, कांजूर, विद्याविहार जाऊ दे खिडकीतून. वाटलं तर श्वास मोज. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. मिनिटाला साधारण सहा श्वास, मुलुंड ते भांडुप एवढं केलंस तरी पुष्कळ. डोळे मिटायचीही गरज नाही, शेजारची बाई विचारणार नाही काय चाललंय म्हणून.

संध्याकाळची कॉफी मात्र सोड. पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन दहा वाजताही अंगात असतं, आणि मग तू म्हणतेस झोप लागत नाही.

"टेन्शन घेऊ नकोस" असं मी तुला म्हणणार नाही. असं म्हटल्यामुळे कोणाचं टेन्शन गेलेलं मी तरी पाहिलं नाही. वरिष्ठांनी रात्री दहाला मेसेज पाठवायचं थांबवलं नाही, तर तो सकाळी वाच. नोकरी जाणार नाही.

आणखी एक. छातीत धडधडतं, जिना चढताना दम लागतो म्हणालीस, ते सगळं ताणावर ढकलू नकोस. हिमोग्लोबिन कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असंच होतं. इगतपुरीचा फॉर्म भरायच्या आधी डॉक्टरांना दाखव, बीपीही मोजून घे. रिपोर्ट आले की फोटो पाठव. मला सांगायचं राहिलं तर बाबांना पाठव, ते आकडे माझ्यापेक्षा नीट वाचतात.

तुझी,
आई