ऊबेदाहून आईला

ऊबेदा, जिल्हा खाएन, स्पेन
रविवार, १ फेब्रुवारी

प्रिय आई,

फोनवर तू दर वेळी "शाळा कशी आहे?" विचारतेस आणि मी "मस्त गं" म्हणून मोकळी होते, कारण तेवढ्यात बाबा फोन घेऊन थंडी किती आहे ते विचारायला लागतात. म्हणून आज बसून लिहितेय. आजीला वाचून दाखव, पण शुक्रवारचा भाग आधी तू वाच आणि मग काय ते ठरव.

शाळा सरकारी आहे. तीन वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांपासून बारा वर्षांपर्यंतची मुलं, सकाळी ९ ते दुपारी २. वर्गात २५ च्या वर मुलं घ्यायची नाहीत असा नियम आहे. एका खोलीत चार इयत्ता बसवून तू कशी शिकवायचीस हे मी इथल्या बाईंना सांगितलं, तर त्यांना आधी वाटलं माझं स्पॅनिश चुकतंय. इंग्रजीचे तास असतातच, शिवाय परिसर अभ्यासाचा काही भाग आणि चित्रकलाही इंग्रजीतून घेतात. माझं काम मदतनिसाचं. वर्ग बाईंचा; मी बोलायचं, उच्चार करून दाखवायचे, चार-चार मुलांचे गट करून खेळ घ्यायचे. आठवड्याला १४ तास, महिन्याला ८०० युरो, ऑक्टोबर ते मे. लगेच रुपयांत करून बघू नकोस, खोलीचं भाडंही युरोतच द्यावं लागतं.

मुलं बाईंना नावाने हाक मारतात, नाहीतर नुसतं "सेन्यो!", म्हणजे "बाई!", म्हणून ओरडतात. मुख्याध्यापकांनाही अरे-तुरे. मला सुरुवातीला कसंसंच व्हायचं. पण हीच मुलं पुस्तकाला असं जपतात की तू बघत राहशील. पुस्तकं सरकार देतं, फुकट, पण वर्ष संपलं की परत करायची. एक संच चार वर्षं चालवतात, त्यामुळे पेन्सिलची रेघसुद्धा चालत नाही. पहिली-दुसरीची तेवढी दरवर्षी नवी, कारण ती पोरं त्यातच लिहितात. जूनमध्ये आपल्या पडवीत बालभारतीचे गठ्ठे यायचे आणि वर्षाअखेर त्यांची काय दशा व्हायची, ते आठवलं.

बदल्यांचं दुखणं इथेही आहे. आधी मोठी स्पर्धा परीक्षा. त्यात कायमची जागा नाही मिळाली की हंगामी म्हणून लागायचं, आणि मग दरवर्षी नवीन गाव. ज्या बाईंच्या वर्गात मी जास्त असते त्या अल्मेरियाकडच्या. इथे खोली घेऊन राहतात, शुक्रवारी दोनची घंटा झाली की तडक गाडीत. मी त्यांना आपल्या शिक्षणसेवकांचं सांगितलं, तू पाटण तालुक्यात काढलेली वर्षं सांगितली, आणि तिथून आमचं जमलं. शिक्षक जगात कुठेही भेटले तरी बदलीवर बोलतात, हे मी आता खात्रीने सांगू शकते.

तुला आवडेल अशी एक गोष्ट. इथे प्रत्येक मुलाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं आणि एक आईचं. लग्न झाल्यावर बाई आपलं आडनाव बदलत नाही. त्यामुळे हजेरी घ्यायला वेळ लागतो, पण आई हजेरीपटावर असते. आपल्याकडे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायला सुरुवात झाली. ती मुलं पहिलीत येतील तेव्हा तू निवृत्त झालेली असशील, नाहीतर तो हजेरीपट तुझ्या अक्षरात बघायला मला आवडलं असतं.

आता इंग्रजीचं. मुलांना आधी वाटलं मी इंग्लंडहून आले. मग वाटलं भारतात सगळे इंग्रजीच बोलतात. मी फळ्यावर क्रम लिहून दाखवला: मराठी, हिंदी, इंग्रजी, स्पॅनिश. एका पोराने विचारलं, मग स्वप्न कुठल्या भाषेत पडतं? काय सांगणार, स्वप्नात तू मराठीतच ओरडतेस. फाटकापाशी एका पालकाने बाईंना हळूच विचारलं होतं, ही "खरी इंग्रजीवाली" आहे का? बाई म्हणाल्या, हिने इंग्रजी शाळेत शिकून मिळवलंय, त्यामुळे पोरं कुठे अडतात ते हिला दिसतं. मला बरं वाटलं, आणि ते खरंही आहे. इथली मुलं "आय हॅव एट इयर्स" म्हणतात, कारण स्पॅनिशमध्ये "माझ्याकडे आठ वर्षं आहेत" असंच वय सांगतात. अमेरिकेहून आलेली माझी एक मैत्रीण दुसऱ्या शाळेत आहे, ती नुसती दुरुस्त करत राहते. मी विचारते, तुमच्या भाषेत कसं म्हणता? मग एक ओळ वर, एक ओळ खाली. ही तुझीच पद्धत. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा तुम्ही स्वतःच धास्तावलेल्या होतात, तरी तू तक्ते करून वर मराठी, खाली इंग्रजी लिहायचीस. मला ते तक्ते रंगवायला बसवायचीस ते वसूल झालं म्हणायचं.

माझ्या स्पॅनिशचं मात्र विचारू नकोस. पुण्यात शिकलेलं स्पॅनिश वेगळं आणि हे आंदालुसियाचं, म्हणजे स्पेनच्या या दक्षिणेकडच्या प्रांताचं, वेगळं. ही माणसं शब्दाच्या शेवटचा "स" गिळून टाकतात, आणि वेग आपल्या कराडच्या स्टँडवरच्या कंडक्टरचा.

गावाबद्दल थोडं. ऊबेदा उंचावर आहे. सोळाव्या शतकातल्या दगडी वाड्यांमुळे २००३ मध्ये शेजारच्या बाएसासकट युनेस्कोच्या यादीत आलं. पर्यटक ते बघतात. मी तटाच्या कडेला जाऊन खालची ऑलिव्हची झाडं बघते. नजर जाईल तिथपर्यंत दुसरं पीकच नाही. या एका जिल्ह्यात सहा कोटींहून जास्त झाडं आहेत म्हणे, आणि ती बघितल्यावर आकडा फुगवलेला वाटत नाही. सध्या हंगाम संपत आलाय. झाडाखाली जाळी अंथरतात, लांब काठ्यांनी किंवा यंत्राने फांद्या हलवतात, फळं जाळीत पडतात. वारा गिरणीकडून आला की अख्ख्या गावात ओल्या, कडवट तेलाचा वास.

तोडणीला बाहेरून मजूर येतात, बरेचसे आफ्रिकेतून. काहींना गावोगावच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत जागा मिळते, काही बस स्टँडच्या आसपास बसलेले दिसतात. त्यांना बघून आपल्याकडची ऊसतोड आठवणारच. फरक एवढाच की हे बहुतेक एकटे पुरुष आहेत, बायकापोरं मागे देशात. आपल्याकडे बीडची कुटुंबंच्या कुटुंबं बैलगाडीतून येतात आणि पोरं तुझ्या शाळेत मधूनच दाखल होऊन मधूनच निघून जातात. इथल्याच ज्या कुटुंबांना हंगामात दुसरीकडे कामाला जावं लागतं, त्यांच्या मुलांना ठेवून घ्यायला वसतिगृहं आहेत, म्हणजे शाळा तुटत नाही. तू दर वर्षी पंचायत समितीत ज्यासाठी भांडतेस तेच. पुढच्या वेळी हे उदाहरण दे, परदेशातलं म्हटलं की साहेब लोक कान देतात.

आता शुक्रवार.

३० जानेवारीला इथे सगळ्या शाळांतून "अहिंसा आणि शांततेचा दिवस" पाळतात. मला वाटलं संयुक्त राष्ट्रांचं काहीतरी असेल. तर नाही. १९६४ मध्ये मायोर्का बेटावरच्या ल्योरेन्स विदाल या शिक्षक-कवीने तो सुरू केला, तोही फ्रँकोच्या हुकूमशाहीत, आणि तारीख मुद्दाम गांधीजींच्या हत्येची घेतली. पुढे १९७६ मध्ये शिक्षण मंत्रालयाने त्याला मान्यता दिली. आपल्याकडे ११ वाजता भोंगा होतो, दोन मिनिटं उभं राहायचं, की पुन्हा गणित. इथे आठवडाभर तयारी चालली होती. कागदाची कबुतरं, पटांगणात गाणं, आणि पूर्ण व्हरांडाभर गांधीजी. गोल चष्मा सगळ्यांना जमला होता. मिशा मात्र ज्याच्या त्याच्या आजोबांच्या. एकाने शेजारी कुत्रा काढला होता. का, विचारलं तर म्हणाला, एकटे दिसत होते.

बाईंनी मला चौथी-पाचवीसमोर दहा मिनिटं बोलायला सांगितलं, सोप्या इंग्रजीत. मी मीठ निवडलं. १९३० साल, साबरमती ते दांडी, २४ दिवस चालत. मीठ उचलणं हा गुन्हा कसा काय, हे त्यांना पटेचना. चपला कुठल्या होत्या, रात्री कुठे झोपायचे, तू त्यांना भेटलीस का, असे सगळे प्रश्न झाले. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने स्पॅनिशमध्येच विचारलं, "त्यांना मारलं कोणी? इंग्रजांनी?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. बरोबरच आहे, दहा मिनिटं मीच इंग्रजांना वाईट ठरवत होते.

"एका माणसाने" म्हणून सोडून देता आलं असतं. मी म्हटलं, इंग्रजांनी नाही. भारतातल्याच माणसाने. माझ्याच राज्यातल्या, माझीच भाषा बोलणाऱ्या. मी ज्या शहरात शिकले तिथे तो वर्तमानपत्र चालवायचा. दोन क्षण शांतता. मग एका पोराने विचारलं, "त्याला भेटलीस का?" आणि सगळे हसले, मीसुद्धा. पण त्या मुलीने सोडलं नाही. का मारलं? मी सांगितलं, गांधीजी मुसलमानांची बाजू घेतात असा त्याला राग होता, आणि त्यांना मारलं की देशाचं भलं होईल असं त्याला वाटत होतं. "आणि झालं?" नाही. तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली.

आई, हे वाक्य मी मराठीत एवढ्या सरळ कधी उच्चारलेलं नाही. आपल्याकडे गांधीजींवर बोलायचं तर आधी खोलीत कोण बसलंय ते बघावं लागतं. काकांचे फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड तुला माहीत आहेत, त्यावर तू, मी, बाबा, कोणीच काही लिहीत नाही. परक्या भाषेत, परक्या पोरांपुढे ते पटकन निघून गेलं. यात माझं धाडस काही नाही, तिथे मला कोणी ओळखत नाही एवढंच.

आजीने एकदा सांगितलं होतं, ४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर तिच्या माहेरच्या गावात कुलकर्ण्यांचा वाडा पेटवला, आणि पणजोबांनी त्यांच्या पोरांना रात्रभर कणगीमागे लपवलं. ज्यांचा काही संबंध नाही त्यांची घरं जळाली. तेही मला आठवत होतं, पण ते वर्गात काढलं नाही. दहा वर्षांच्या मुलांना एका तासात एवढं नको. म्हणूनच म्हटलं, आजीला वाचायचं का ते तू बघ. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

सुट्टीत कॉफी घेताना बाईंना मी विचारलं, मी जास्त बोलले का? त्या म्हणाल्या, नाही. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, १९३६ च्या यादवीत कोणाच्या घरचं कोण कुठल्या बाजूला होतं, हे इथे सगळ्यांना माहीत असतं, पण वर्गात कोणी काढत नाही. "शांतता दिनाला तुमच्या मेलेल्या माणसाबद्दल बोलणं आम्हाला सोपं जातं."

तू चौथीला किती वर्षं शिकवलंस. तुला कधी कोणी विचारलं का गं, कोणी मारलं म्हणून? आणि तू काय सांगितलंस? फोनवर नको, बाबा मध्ये बोलतील. लिहून पाठव.

बाकी ठीक. मधल्या सुट्टीत मुलं गोल बसून एकाच्या मागे चप्पल टाकून पळतात, अगदी आपलं "आईचं पत्र हरवलं". त्यात मी पहिल्याच दिवशी घुसले, तेव्हापासून पोरं माझ्याशी बोलायला लागली. २८ फेब्रुवारीला आंदालुसिया दिन असतो, त्यासाठी शाळेत सगळ्यांना पावावर ऑलिव्हचं तेल आणि साखर घालून नाश्ता देतात म्हणे. तूपसाखर पोळीवर वाढलेली मी, मला जमेल.

बाबांना सांग, थंडी आहे, पण खोलीत हीटर आहे. तेल आणीन, पण पाच लिटरचा डबा मागू नका, विमानात २३ किलोच नेऊ देतात. दादाला म्हणावं, माझ्या सायकलला हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी फोन करते, माझे तीन, तुमचे साडेसात.

तुझी,
प्राजू

ता. क. कांदा-लसूण मसाला संपला. निम्मा बाईंनी नेला, त्या तो मसुराच्या आमटीत घालतात. पाठवशील तेव्हा दोन पुड्या पाठव, आणि त्यांच्या पुडीवर "कमी तिखट" असं लिहू नकोस, त्यांना राग येतो.