झाकायचं कुणी?

सर, सप्रेम सलाम.

त्या दिवशी तुमच्याकडून निघताना माझा कंठ दाटून आला आणि आभार मानायचे राहिले. तुम्ही जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी कुणाला हवं असेल, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

भावाने आईच्या पाटल्या तिला न सांगता गहाण ठेवल्या. मी विचारायला गेले, तर घरातली मोठी माणसं बायबलमधलं, पेत्राच्या पत्रातलं एकच वचन पुढे करत राहिली : ‘प्रीती पापांची रास झाकून टाकते.’ म्हणजे, तू गप्प बस. आपल्याकडे पांघरूण घालणं म्हणजे प्रकरण दडपणंच. मला पेत्राच्या त्या वचनाचाच राग यायला लागला होता.

तुम्ही ना माझी बाजू घेतलीत, ना त्यांची. बायबलचा ग्रीक नवा करार उघडून त्या वचनातलं ‘कालुप्तो’, म्हणजे ‘झाकणं’, हे क्रियापद दाखवलंत. त्यातल्याच मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 8व्या अध्यायात लाटा तारू झाकून टाकतात, तिथे हेच. लूकच्या 8व्यात दिवा लावून कुणी तो भांड्याने झाकत नाही, तिथेही हेच. ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाचा पहिला ग्रीक शब्द ‘आपोकालुप्सिस’ यातूनच आला : झाकलेलं उघडणं. “शब्द एकच आहे, बाई. झाकतंय कोण, ते बघ,” असं म्हणालात.

मग जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर काढलंत. आपलं 32वं स्तोत्र त्यात 31वं आहे. पहिल्याच ओळीत, ज्यांची पापं झाकली गेली ते धन्य. आणि पाचव्या वचनात तोच माणूस देवाला सांगतो, माझा अपराध मी झाकला नाही : ‘उक एकालुप्सा’. त्या एवढ्याशा ‘उक’खाली, म्हणजे ‘नाही’खाली, तुमचं बोट किती तरी वेळ तसंच होतं. भिंगातून ती अक्षरं केवढी मोठी दिसत होती! ज्याने केलं त्याने झाकायचं नाही. झाकणारा दुसरा असतो, आणि तोही आधी समोर उघडं झाल्यावर.

जुन्या करारातल्या नीतिसूत्रांतलं 10:12 हे वचन तुम्ही शेवटी वाचलंत, ते मलाच लागलं. द्वेष भांडणं उठवतो, प्रीती अपराध झाकते. खरं बोलणं आणि भांडण उठवणं यांत मी फरकच केला नव्हता.

त्या रात्री मी भावाला एवढंच म्हटलं, आईला तू सांग, मी कुणाला सांगणार नाही. आठ दिवसांनी तो बोलला. आई पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला, त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “व्याज किती चढलंय?”

हे पत्र आधी त्याला वाचून दाखवलं. पाटल्यांचं वाक्य मी काट मारून ठेवलं होतं. त्यानेच ते परत लिहायला लावलं.

तुमची विद्यार्थिनी