शुक्रवारी बाळाचा गोवराचा डोस आहे

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा मी फोन मध्येच ठेवला, त्याबद्दल आधी माफी मागते. बाबा, तुम्ही म्हणालात, "डोस महिनाभर पुढे ढकल, काय बिघडतंय?" तेव्हा पोरगी माझ्या मांडीवर झोपलेली होती. आवाज चढला असता तर ती दचकून उठली असती, आणि आवाज चढणारच होता. म्हणून हे पत्र.

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला, दोनदा पाहिला. बोलणारा माणूस नावाजलेला आहे, बोलतोही आपुलकीने. लशीने काय काय होऊ शकतं ते त्याने भरभरून सांगितलं, पण लस घेतली नाही तर काय होतं याबद्दल चकार शब्द काढला नाही. 'गोवर' हा शब्द संपूर्ण व्हिडिओत एकदाही आला नाही.

"एवढा मोठा माणूस, त्याला काय पडलंय खोटं बोलायचं?" असं तुमचं म्हणणं. मलाही तो खोटं बोलतोय असं वाटत नाही. त्याचं मनापासून तसं मत असेल. पण मनापासून असलेलं मत चुकीचंही असू शकतं, आणि ते लाखो लोकांच्या लाडक्या माणसाचं असलं की त्याची किंमत भलतीच मुलं मोजतात.

अमेरिकेत जेनी मॅकार्थी नावाची अभिनेत्री आहे. तिच्या मुलाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं निदान झालं. 2007 साली ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात तिने याचा संबंध गोवराच्या लशीशी जोडला. शास्त्रज्ञांचं म्हणणं वेगळं आहे हे समोर आल्यावर तिचं उत्तर असं होतं, की माझं विज्ञान म्हणजे माझा मुलगा, आणि तो घरी आहे. आई झाल्यापासून मला तिचा राग येत नाही. आपल्या लेकराला काय झालं याचं उत्तर शोधणाऱ्या बाईला मी काय बोलू? पण ऑटिझमची लक्षणं बहुतेक आईवडिलांच्या लक्षात येतात तीही दीड-दोन वर्षांच्या आसपास, आणि ही लस दिली जाते तीही साधारण त्याच सुमारास. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. मात्र तिने ते सांगितलं टीव्हीवरून, आणि ऐकणाऱ्या कित्येक आयांच्या कडेवर तेव्हा लस घ्यायची बाळं होती.

हा संशय तिच्या डोक्यात आपोआप आलेला नव्हता. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा एक लेख छापला होता, फक्त 12 मुलांवरचा. पुढे ब्रायन डिअर या पत्रकाराने खणून काढलं, की लस बनवणाऱ्या कंपन्यांवर खटला भरू पाहणाऱ्या वकिलांकडून या डॉक्टरला पैसे मिळत होते, आणि मुलांच्या नोंदीही लेखात बदललेल्या होत्या. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला आणि वेकफिल्डची डॉक्टरकी काढून घेतली गेली. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांच्या नोंदी तपासल्या, 2019 मध्ये निष्कर्ष छापले. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त नव्हता. बाबा, 12 मुलं आणि साडेसहा लाख मुलं. आयुष्यभर गणित शिकवलंत तुम्ही, यावर मी तुम्हाला काय सांगावं! पण लेख छापल्यापासून मागे घेईपर्यंत 12 वर्षं गेली होती. ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या मुलांतलं या लशीचं प्रमाण 92 टक्क्यांच्या आसपास होतं, ते मधल्या काळात 80 टक्क्यांपर्यंत खाली आलं.

आता सामोआबद्दल लिहिते. गेले तीन दिवस तेच डोक्यात आहे.

पॅसिफिक महासागरातला हा जेमतेम दोन लाख वस्तीचा देश. जुलै 2018 मध्ये तिथे दोन तान्ही बाळं लस टोचल्यावर काही मिनिटांत दगावली. चूक परिचारिकांची होती. लशीची पूड पाण्यात कालवायची, ती मुदत संपलेल्या, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधात कालवली गेली. लस निर्दोष होती, पण हे सिद्ध होईपर्यंत लसीकरण थांबवलं गेलं, आणि कित्येक महिने ते थांबूनच राहिलं. लोकांचा भरवसा उडाला. त्या वर्षी पहिला डोस मिळालेल्या बाळांचं प्रमाण 31 टक्क्यांवर आलं. नेमकं त्यानंतर, जून 2019 मध्ये, रॉबर्ट केनेडी ज्युनियर तिथे गेले. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या घराण्यातलं नाव, आणि लसविरोधासाठी जगभर माहीत असलेलं. तिथल्या लसविरोधी मंडळींना ते भेटले. आपली भेट लशींसाठी नव्हतीच, असं ते सांगतात. सगळा दोष मी त्यांच्या माथी मारणार नाही. लोक त्याआधीच घाबरलेले होते. पण घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा की त्याच्या भीतीवर शिक्का मारायचा, एवढं तर पाहुण्याच्या हातात असतंच ना? त्या ऑक्टोबरमध्ये गोवराची साथ जाहीर झाली. नोव्हेंबरमध्ये केनेडींनी तिथल्या पंतप्रधानांना पत्र लिहून साथीमागे लशीचाच दोष असू शकतो असं सुचवलं.

त्या साथीत 83 माणसं गेली. बहुतेक पाच वर्षांखालची मुलं.

डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस सगळे व्यवहार बंद ठेवले. ज्या घरात कुणाची लस राहिली असेल त्यांनी दारावर लाल कापड बांधायचं, पथक येऊन टोचून जाईल. लोकांनी बांधली कापडं. मिळेल ते लाल वस्त्र दाराला, झाडाला, कुंपणाला. महिना संपेपर्यंत जवळपास 95 टक्के लोकांचं लसीकरण झालं. आई, त्या घरांचे फोटो बघताना मला वाटत राहिलं, की यातल्या किती घरांनी आधी "महिनाभर थांबू" म्हटलं असेल.

गोवराला थांबणं माहीत नाही. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो हवेत राहतो. लस नसलेल्या लोकांत एका रोग्याकडून 12 ते 18 जणांना लागण होते, म्हणून साथ रोखायला 95 टक्के लोक सुरक्षित असावे लागतात. आणि तो बरा झाला तरी पिच्छा सोडत नाही. आधीच्या आजारांशी लढून शरीराने जी ओळख कमावलेली असते, तीच तो पुसून टाकतो, आणि पुढे बराच काळ मूल न्यूमोनियासारख्या दुखण्यांना सहज बळी पडतं. लशीने ताप येतो, अंगावर पुरळ येऊ शकतं, क्वचित तापात झटकाही येतो. गंभीर ॲलर्जी फार विरळा, तरी ती होऊ शकते आणि म्हणूनच डोसनंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. हे सगळं मी डॉक्टरांना विचारून घेतलंय. प्रश्न विचारायला माझी कधीच ना नाही, बाबा. फक्त उत्तर कुणाकडून घ्यायचं, यावरून आपलं भांडण आहे.

"आम्हाला सगळ्यांना गोवर निघाला, कुठे काय झालं?" असंही तुम्ही म्हणालात. त्या वेळी फोनवर आई गप्प होती. आई, तू का गप्प होतीस ते मला माहीत आहे. आजीच्या ट्रंकेत तळाशी पिवळा फ्रॉक होता, बाहीवर पांढऱ्या दोऱ्याची फुलं विणलेला. मी लहानपणी तो बाहुलीला घालायला मागितला, तर आजीने काही न बोलता माझ्या हातातून काढून घेतला आणि घडी घालून परत तळाशी ठेवला. तो मावशीचा होता हे तू मला फार उशिरा सांगितलंस. सव्वा वर्षाची होती, गोवरात गेली. जे जगले त्यांनाच आज "कुठे काय झालं" म्हणता येतं, बाबा. मावशीला फोन करून कुणी विचारू शकत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तो व्हिडिओ तुम्ही नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलात, त्यानंतर धाकट्या वहिनीने मला मेसेज केला: "सरांनी पाठवलंय म्हणजे विचार करूनच पाठवलं असेल ना? आम्ही तूर्तास थांबतोय." तिचा मुलगा वर्षाचा आहे. त्या प्रसिद्ध माणसाला ती ओळखतही नाही. ती तुम्हाला ओळखते. तिने दहावीचं गणित तुमच्याकडे केलंय.

म्हणून एक विनंती आहे. 1955 साली अमेरिकेत पोलिओची लस आली, पण तरुण पोरं टोचून घ्यायला येत नव्हती. तेव्हा 1956 मध्ये लोकप्रिय गायक एल्विस प्रेस्लीने टीव्हीच्या कार्यक्रमाआधी कॅमेऱ्यांसमोर बाही वर करून ती टोचून घेतली. त्याने भाषण वगैरे काही केलं नाही, नुसता हात पुढे केला. तुम्ही त्याच ग्रुपवर दोन ओळी लिहा, की मी पाठवलं ते चुकीचं होतं, मुलांचे डोस वेळेवर द्या. वहिनीला मात्र फोनच करा, मेसेज नको. तुम्हाला हे जड जाईल हे मला कळतंय. वर्गात फळ्यावर तुमचं गणित चुकलं की तुम्ही ते पुसायचात, पोरांकडे वळून "माझं चुकलं, पुन्हा लिहून घ्या" म्हणायचात. तुमची मुलं अजून मला ते सांगतात.

डोस शुक्रवारी सकाळी साडेदहाला आहे. तुम्ही दोघं आदल्या रात्री आलात तर बरं होईल, मला एकटीला तिचे दोन्ही पाय धरायला जमत नाही. आई, मागच्या वेळी तिचं लसीकरणाचं कार्ड तुझ्या पर्समध्ये राहिलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीतलं, कोपरा दुमडलेला. तेवढं आठवणीने आण.

तुमची,
ताई